फिल्म लावली आणि काचेचं रबर सुटलं : चिकटवायचं की बदलायचं?

घाटवाट
पावसाळ्याच्या तोंडावर गाडीच्या काचांना उन्हाची फिल्म लावून घेतली. तेव्हापासून ड्रायव्हरच्या दाराची बाहेरची बीडिंग, म्हणजे काच दारात उतरते तिथली आडवी रबरी पट्टी, मागच्या टोकाला काच सोडून उभी आहे. फटीत नख सहज जातं. हायवेला वेग घेतला की तिथून शिट्टी वाजते. दुकानदार म्हणतो, "घेऊन या, सिलिकॉन भरून देतो, पाच मिनिटांचं काम."

माझं ठाम मत : तिथे कुठलाही चिकटा लागता कामा नये. या पट्टीच्या पोटात पत्र्याची पातळ पात असते. स्क्रूड्रायव्हर घालून वर उचकटली की ती वाकते, आणि मग रबराची ओठासारखी कड काचेवर दाबून बसत नाही. चिकटवून बूड धरेल, पण कडेचा दाब परत येणार नाही. शिवाय ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, त्यातून सुकताना आम्ल सुटतं आणि उघड्या पत्र्याला गंज धरतो. पट्टी नवी हवी, आणि तिचे पैसे ज्याने उचकटली त्याने द्यायला हवेत. तुम्हाला काय वाटतं?

पाना_पकड
सिलिकॉन नको, इथपर्यंत सहमत. पण थेट नवी पट्टी कशाला? आमच्याकडे फिल्मनंतरच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बहुतेक गाड्यांत पट्टी नुसती क्लिपांतून निसटलेली असते. अनेक मॉडेलांत दाराच्या कडेला एक स्क्रू असतो, तो काढून पट्टी अख्खी बाहेर घ्यावी. क्लिपा तपासाव्यात, खाचेतली माती आणि साबणाचा थर पुसावा, रबर कोमट करून सरळ करावं आणि एका टोकाकडून तळहाताने दाबत बसवावं. हातोडी नाही, पक्कड नाही. आतल्या पत्र्याला खरोखर मुरड पडली असेल तरच बदला. बाजारातल्या स्वस्त पट्ट्यांचं रबर कडक असतं, त्या नव्या बसवून काचेवर ओरखडे पाडून घेतलेले लोकही मी पाहिलेत.

घाटवाट
दादा, मुरड डोळ्यांना दिसते आहे. काच खाली घेऊन दाराच्या रेषेत पाहिलं की पट्टी लाटेसारखी जाते. कोमट करून रबर ऐकेल, पत्रा ऐकणार नाही.

सावली_हवी
दुकानदाराची बाजू कोणीतरी मांडायला हवी. तुमची गाडी किती जुनी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. आपल्याकडचं ऊन वर्षानुवर्षं खाल्लेलं रबर आधीच वाळून आखडलेलं असतं, फिल्मवाल्याने फिल्म दाबायचं कार्ड नुसतं सरकवलं तरी ते जागा सोडतं. अशा वेळी संपूर्ण पट्टीचा खर्च त्याच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. छोटी दुकानं एका गाडीमागे फार कमावत नाहीत.

आणि एक मुद्दा. फिल्म काचेला आतून लागते. मग बाहेरच्या पट्टीला हात लागलाच कशाला? ती आधीपासूनच सैल नसेल कशावरून?

पाना_पकड
ताई, त्याचं कारण आहे. फिल्म चिकटते आतून, पण तिचा आकार बऱ्याचदा काचेच्या बाहेरच्या बाजूवर ठेवून कापतात. खालची कड पट्टीच्या आत थोडी जावी म्हणून पट्टी बाजूला दाबतात किंवा उचलतात. घाईचा कारागीर इथेच घोळ करतो, कधी ब्लेडही रबरात उतरतं. आधीच कापलेली फिल्म वापरणाऱ्याकडे हा प्रश्न फारसा येत नाही.

वाशिष्ठीकाठ
चिपळूणच्या पावसात गाडी चालवणाऱ्याचं मत वेगळं आहे. तुम्ही सगळे बाहेरच्या पट्टीत अडकलात. ती पट्टी पाणी पूर्ण अडवतच नाही. धड गाडीतही थोडं पाणी दारात उतरतं, आणि ते जावं म्हणून दाराच्या तळाला भोकं ठेवलेली असतात. आतल्या पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद चिकट पट्टीने लावलेला असतो, केबिनमध्ये पाणी येऊ न देण्याचं काम त्याचं. फिल्म लावताना पॅनेल उघडलं असेल आणि कागद नीट परत चिकटवला नसेल, तर बाहेर सोन्याची पट्टी लावा, पायाखालचा गालिचा भिजणारच.

आधी दार उघडून तळाची भोकं काडीने मोकळी करा. मग काच बंद करून बाहेरून बाटलीने पाणी ओता, ते तळातून निघतं की आत येतं ते बघा. खर्चाचं भांडण त्यानंतर.

घाटवाट
पाण्याची चाचणी उद्याच करतो, पॅनेल उघडलं होतं हे खरं आहे. पण "पट्टी पाणी अडवतच नाही" हे मला पटत नाही. ती बहुतेक पाणी आणि जवळजवळ सगळी धूळ बाहेर ठेवते. फट राहिली की बारीक खडी आत जाते, काच वरखाली होताना घासते आणि उभ्या रेघा पडतात. पॉवर विंडोची मोटर आणि यंत्रणा त्याच पोकळीत आहे. भोकं आहेत म्हणून दारात वाटेल तेवढं पाणी जाऊ द्यायचं का?

कलम_शंभर
फिल्म कुठली ते आधी पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काचांवरच्या फिल्मना मनाई केली. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांतला काचांबद्दलचा नियम १०० बदलला, आणि केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये बदललेल्या नियमाप्रमाणे प्रमाणित फिल्म चालते असं सांगितलं. पण पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश गेलाच पाहिजे. गडद फिल्म उद्या पोलिसांनी काढायला लावली तर याच पट्टीला पुन्हा हात लागेल.

सावली_हवी
घाटवाट, खडीचा मुद्दा मान्य. पैशांचा अजूनही नाही. पट्टी नवी घ्या, दुकानदाराकडून मजुरी माफ करून घ्या आणि वस्तूचे निम्मे पैसे घ्या.

घाटवाट
रबर वाळलेलं असतं तर निम्म्यावर तयार झालो असतो. पण बाकीच्या तीन दारांच्या पट्ट्या त्याच वयाच्या आहेत, तेच ऊन खाल्लेल्या आहेत आणि काचेला घट्ट आहेत. त्यामुळे पूर्ण पैसेच मागणार. पाना_पकड दादा, नवी पट्टी बसवल्यावर खाचेत सिलिकॉनचा वंगणाचा स्प्रे मारू की कोरडीच ठेवू?

पाना_पकड
बाहेरची कोरडीच. स्प्रे फक्त काच सरकते त्या उभ्या रबरी चॅनेलमध्ये, तोही फडक्यावर घेऊन. ग्रीस, डिझेल काही लावू नका, रबर फुगतं. आणि फिल्म पूर्ण वाळेपर्यंत काच खाली घेऊ नका.