मदत हवी आहे: बडोद्याच्या कमाटीबागेत दिसलेलं हे तपकिरी फुलपाखरू कोणतं? अर्जंट!!

विश्वामित्रीकाठी: मंडळी, लवकर सांगा, आज संध्याकाळी गटात यादी द्यायचीये. तपकिरी, पंख लांबट, भयंकर वेगात उडतं, येतं आणि पानाखाली जाऊन चिकटतं. एकामागून एक जात होते, म्हणजे स्थलांतर करणारंच ना? फोटो हललाय.

माई_आजवा: पतंग असेल हो. तपकिरी म्हणजे पतंगच.

पंखवेडा: माई, तपकिरी फुलपाखरं ढिगानं आहेत. मिशांची टोकं बघा, हुकासारखी वाकलेली असली की स्किपर, म्हणजे झपाट्यानं उडणाऱ्या फुलपाखरांचं एक कुळ. काका, खालची बाजू दिसली का? कुठल्या झाडावर, किती वाजता? हे न सांगता नाव कसं सांगणार?

विश्वामित्रीकाठी: सकाळी, अजून ऊन यायचं होतं. टोकं वाकडीच. झाडाचं काय करायचंय?

करंजवाला: झाडाचंच तर सगळं आहे! करंज असेल तर कॉमन बँडेड ऑल नावाचं स्किपर, डोळे झाकून. आमच्या गल्लीतल्या करंजाची कोवळी पालवी त्याच्या अळ्या दरवर्षी चट्ट करतात.

पंखवेडा: डोळे झाकून कशाला, उघडून बघा की. त्याच्या मागच्या पंखाला खालून पांढरा पट्टा असतो. पट्टा नसेल, पुढचा पंख चांगलाच लांब असेल आणि पोटावर आडवे पट्टे असतील तर ब्राऊन ऑल, त्याची अळी बेहड्यावर वाढते. दक्षिणेत याचे थवे स्थलांतर करतात ते नोंदलेलं आहे.

करंजवाला: पण हे बडोदं आहे, दक्षिण नाही.

पंखवेडा: म्हणून तर विचारतोय, सगळे एकाच दिशेला चालले होते का? फुलांवर थांबत होते का? बागेत गोल गोल फिरणाऱ्याला स्थलांतर म्हणत नाहीत.

नर्मदातीर: बागेजवळच्या विश्वामित्री नदीकडे जपून जा हो, मगरी आहेत. मागे आमच्या सोसायटीच्या गटारात पिल्लू निघालं होतं.

विश्वामित्रीकाठी: मगरीचं कुणी विचारलंय का?? पांढरा पट्टा नव्हता, पोटावर पट्टे होते. दिशा बघितली नाही, फोटो काढू की दिशा बघू.

पंखवेडा: मग यादीत ब्राऊन ऑल लिहा, पुढे प्रश्नचिन्ह टाका. स्थलांतराचा रकाना कोरा ठेवा. उद्या पहाटे एका जागी उभं राहून मिनिटाला किती जातात आणि कुठे, एवढंच टिपा.

माई_आजवा: माझ्या लिंबाच्या कुंडीतल्या अळ्यांवर काय मारू? पानं सगळी खाल्ली.

करंजवाला: काही मारू नका माई! पण विश्वामित्रीकाठी, पांढरा पट्टा नव्हता हे मला अजून पटलेलं नाही, तो हललेला फोटो टाका इथे.