सहा मीटरच्या मोटारहोममध्ये राहता राहता फर्निचर कसं बदलायचं?

चाकावरची:
आम्ही दोघं कायमचे मोटारहोममध्ये राहतो. दुसरं घर नाही, त्यामुळे काम चालू असतानाही झोपायचं, रांधायचं ते गाडीतच. मागे यू आकाराची बैठक आहे. रोज रात्री टेबल खाली पाडून उशा जुळवायच्या आणि पलंग करायचा, सकाळी सगळं परत मोडायचं. उशांचा सांधा नेमका नवऱ्याच्या कमरेखाली येतो आणि त्याचं दुखणं आता वाढत चाललंय. त्याला नीट झोप मिळावी हेच माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. मला दिवसभर लिखाणाचं काम असतं आणि टेबलाचा एकुलता एक पाय डुगडुगतो.

विचार असा आहे की यू काढून तिथे कायमचा पलंग करावा, किंवा घरात वापरतात तसा तयार सोफा-कम-बेड आणावा. ड्रायव्हरच्या मागे बेल्ट असलेली दोन आसनं आहेत. आम्ही दोघंच असतो, तर तीही काढून तिथे लिहायचं टेबल करता येईल का? प्लाय कोणता घ्यावा? आणि या सगळ्यात झोपायचं कुठे?

लांबचा पल्ला:
ताई, लाकडाचं नंतर बघा, आधी गाडी वजनकाट्यावर न्या. पाणी, गॅस, कपडे, तुम्ही दोघं, सगळ्यासकट. पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलून घ्या. एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा ॲक्सल, म्हणजे मागच्या चाकांचा आस, मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो. तुमचा पलंग मागच्या चाकांच्याही मागे येणार, तिथे तरफेचा हिशोब लागतो. दोन ॲक्सलमध्ये ३.५ मीटर अंतर असेल आणि मागच्या चाकांपलीकडे एक मीटरवर १०० किलो ठेवले, तर मागच्या ॲक्सलवर जवळजवळ १२९ किलो वाढतात आणि पुढचे २९ कमी होतात. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असेल तर ओल्या गवतावर ती चाकं घसरतात आणि हे लगेच जाणवतं.

सुतारपक्षी:
मी याच गाड्यांचं सुतारकाम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बेल्टची आसनं काढू नका. वरून लाकडाचं खोकं दिसतं, पण आत पोलादी सांगाडा असतो आणि अपघातात बेल्टला बसणारा ओढा तोच गाडीच्या चासीपर्यंत पोचवतो. शिवाय आसनं काढली की नोंदणी आणि विमा या दोन्हींत बदल करावा लागू शकतो. नियम प्रत्येक देशाचे वेगळे. बसायला आसन आहेच, मग लिहायची सोय तिथेच करा, फक्त टेबल बदला.

तयार सोफ्याला माझा ठाम नकार आहे. या गाड्यांचे दरवाजे साधारण ५५-६० सेंमी रुंद असतात, त्यातून तो आत येणंच मुश्कील. आलाच तरी पार्टिकल बोर्डात बसवलेले घरगुती सांधे सततच्या हादऱ्यांनी सैल होतात. आणि मुख्य म्हणजे तो धरून ठेवणार कसा? ताशी ५० किमी वेगातली गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर ४० किलोचा सोफा त्या क्षणी सुमारे ८०० किलोच्या जोराने पुढे येतो. पुढे तुम्ही दोघं बसलेले असता.

यू काढता येईल, पण आधी प्रत्येक खोक्यात टॉर्च घालून बघा. पाण्याची टाकी, गरम हवेची नळी, वायरी, गॅसची नळी, काय काय जातंय ते मोजपट्टी बाजूला धरून फोटोत घ्या. गॅसची नळी हलवायची झाली तर तेवढं काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या. जमिनीत जाळी लावलेली भोकं दिसली तर ती झाकू नका. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर तळाशी साचतो आणि त्या भोकांतून बाहेर पडतो. अशा बऱ्याच गाड्यांच्या भिंती म्हणजे मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंना पातळ थर. बैठकीची खोकी त्या भिंतींना खालून ताठ धरतात, म्हणून नवी चौकट जुन्याच जागी भिंतीला टेकली पाहिजे.

प्लायचं म्हणाल तर आठ बाय चारची १५ मिमीची शीट एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी) ३३ किलोच्या आसपास भरते, बर्च लाकडाच्या प्लायमध्ये ३०, पॉप्लर लाकडाच्या प्लायमध्ये १९-२०. पॉप्लर घ्या. जिथे घासलं जाणार किंवा भार येणार तिथेच बर्चची पट्टी. सांध्याला गोंद आणि स्क्रू दोन्ही, आणि जे परत उघडावं लागेल तिथे लाकडात आतून आटे असलेली धातूची बुशी (छोटी नळी) बसवून बोल्ट. भिंत जेमतेम ३० मिमीची असते, तेव्हा स्क्रूची लांबी दोनदा मोजा.

माप घेताना ओळंबा आणि पाणसळ बाजूला ठेवा. गाडी उभी असते ती जागाच कललेली असते. गाडीच्या जमिनीवर गुण्या लावून मापं घ्या आणि भिंतीच्या वळणासाठी पुठ्ठ्याचा साचा कापा.

झोपायचं कुठे? यूची एक बाजू उघडा, नवी चौकट बसवून पक्की करा, मगच दुसरीला हात लावा, म्हणजे झोपायला एक बाजू कायम उरते. कापकाम बाहेर. भुसा एकदा हीटरच्या जाळीत शिरला की निघत नाही. पॉलिशही बाहेरच करा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय फळी आत आणू नका. त्याच हवेत तुम्हाला रात्रभर श्वास घ्यायचाय.

खिडकीतली:
मला कायमचा पलंग पटत नाही. सलग पाऊस लागला की दिवसा दोघांना पाय पसरून बसायला जागा लागते आणि ती गेली की चिडचिड सुरू होते. त्यापेक्षा सरकता पलंग करा. लाकडी पट्ट्यांच्या दोन चौकटी, एकीच्या पट्ट्या दुसरीच्या फटींत बसणाऱ्या. दिवसा आत ढकलली की बैठक, रात्री ओढली की पलंग, टेबल पाडायची भानगड नाही. फटींमुळे गादीखाली हवा खेळते. सपाट प्लायवर गादी टाकली तर अंगाच्या उबेची वाफ थंड फळीवर जमते आणि खालून बुरशी धरते. गादी बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन सेंमी सोडा.

चाकावरची:
सगळ्यांचे मनापासून आभार. गाडी तोलून आणली. मर्यादा ३५०० किलो, भरली ३३१०. मागच्या ॲक्सलची मर्यादा २०००, भार १८६०. वजन वाढवायला फार वाव नाही, म्हणून पॉप्लरच. बेल्टची आसनं राहणार. सरकता पलंग आम्हा दोघांनाही आवडला, पण गादीचे दोन तुकडे होणारच ना? मग सांधा परत कमरेखाली येईल.

खिडकीतली:
पलंग ओढायची दिशा आणि झोपायची दिशा काटकोनात ठेवा. मग सांधा डोक्याकडून पायाकडे, तुम्हा दोघांच्या मधून जातो, कमरेला आडवा येत नाही. दिवसा पाठीला टेकायचा फोम मऊ असतो, रात्री त्यावर अंग रुततं. दोन्ही तुकडे एकाच घनतेचे आणि एकाच जाडीचे कापून घ्या.

सुतारपक्षी:
बरोबर. आणि पट्ट्यांना मधोमध खालून एक पाय द्या, नाहीतर त्या मध्ये लवतात. टेबलासाठी भिंतीवर ॲल्युमिनियमची पट्टी आणि समोर दुमडता पाय. पट्टी लावण्याआधी भिंतीत आतून लाकडी ठोकळा कुठे आहे ते ठोकून बघा, नुसत्या फोमात स्क्रू धरत नाही. ठोकळा नसेल तर भिंतीला आतून बर्चची रुंद पट्टी गोंदाने चिकटवा, गोंद पूर्ण वाळू द्या आणि टेबलाची पट्टी तिच्यावर बसवा.