पाणवठ्यावरच्या नोंदींची बेरीज म्हणजे वाघांची संख्या का नाही?

जंगलवाट_चंद्रपूर: बुद्धपौर्णिमेला ताडोबाच्या बफरमध्ये मचाणावर होते. रात्रीतून आमच्या पाणवठ्यावर चारदा वाघ आला. एकच की वेगवेगळे, चांदण्यात कळेना. सगळ्या मचाणांच्या नोंदी एकत्र केल्या तर एकूण वाघ कळत नाहीत का?

बीटवाला (निवृत्त वनरक्षक, मेळघाट): नाही ताई. तोच वाघ दोन पाणवठ्यांवर पाणी पितो, आणि जो त्या रात्री फिरकलाच नाही तो कुठल्याच कागदावर येत नाही. पूर्वी आम्ही वाघाच्या पंजाच्या ठशावर काच ठेवून तो गिरवायचो, प्लास्टरचा साचा घ्यायचो. कोणता ठसा कोणाचा, हे शेवटी माणसाच्या नजरेवर. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्रप्रकल्पात कागदावर वाघ होते. जंगलात एकही उरला नाही हे 2005 साली पक्कं झालं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

2006 पासून देशभरच्या गणनेत कॅमेरा ट्रॅप आले, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. त्यात सगळा जीव आहे तो पुन्हा दिसलेल्या वाघात. प्रत्येकाचे पट्टे निराळे, डाव्या-उजव्या कुशीचेही निराळे, म्हणून वाटेच्या दोन्ही अंगांना कॅमेरा लावतात. समजा, पहिल्या फेरीत 20 वाघ ओळखले. दुसऱ्या फेरीत 24 आले, त्यांतले 16 ओळखीचे, म्हणजे दोन-तृतीयांश. तर आपले पहिले 20 हेसुद्धा जंगलातल्या वाघांचे दोन-तृतीयांश असणार. एकूण 30. फोटोत वेगवेगळे 28 आले. न आलेले दोन असे हिशेबात येतात. मधल्या काळात बाहेरचे वाघ आत आले तर गणित बिघडतं, म्हणून कॅमेरे थोडेच दिवस ठेवायचे.

जंगलवाट_चंद्रपूर: काका, मग देशातल्या वाघांचा 2022 चा 3682 हा आकडा इतका नेमका कसा?

बीटवाला: ती सरासरी. किमान 3167 आणि वरची मर्यादा 3925, असं सोबत दिलं होतं. बातमीत एकच आकडा छापतात, तिथे माझा जीव तुटतो.

गवताळ: आणि चितळ? त्यांचे एवढे फोटो कोण जुळवणार?

बीटवाला: त्यांच्यासाठी ट्रान्झेक्ट. आखलेल्या सरळ रेषेवर पहाटे चालायचं, कळप दिसला की रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने दिशा घ्यायची. रेषेपासून जितकं लांब तितके कळप नजरेतून सुटतात; किती सुटतात ते अंतरांच्या नोंदीतूनच काढतात. त्यामुळे अंतर कधीही अंदाजाने लिहू नका, आणि कळप नीट दिसावा म्हणून रेषा सोडून आत शिरू नका.