मदत हवी आहे: ट्रोल आगीला भितो हे निम्म्या टेबलाला आधीच ठाऊक आहे

नमस्कार मंडळी,

मी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स) चालवते. टेबलाभोवती बसून खेळायचा हा कथेचा खेळ: प्रत्येक खेळाडू एका पात्राची, म्हणजे कॅरेक्टरची, भूमिका करतो आणि कथा व मॉन्स्टर मी सांभाळते. पाचवी आवृत्ती, 2014 ची पुस्तकं. गटातल्या दोघांना मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे मॉन्स्टरांची माहिती देणारं पुस्तक, जवळपास तोंडपाठ आहे. बाकीचे अगदी नवे, त्यांच्यासाठी प्रत्येक मॉन्स्टर पहिल्यांदाच समोर येतोय. आता कथा ट्रोल नावाच्या अक्राळविक्राळ मॉन्स्टरच्या दलदलीकडे वळली आहे आणि मी अडले आहे.

ट्रोलची सगळी दहशत एका गुणात आहे. त्याच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला 10 हिट पॉइंट (किती जीव उरला त्याचा आकडा) भरून येतात, शून्यावर आला तरी तो पुन्हा उठतो. आग किंवा अ‍ॅसिडचा मार बसला तरच पुढच्या पाळीला हे भरून येणं थांबतं. नव्या मंडळींनी तलवारी चालवाव्यात, मेला समजून पाठ फिरवावी आणि मागे चिखलात हालचाल व्हावी, हा क्षण मला त्यांना द्यायचा आहे. पण जुने दोघं नुसत्या वर्णनावरून ओळखतील आणि मशाल पेटवतील.

यावर नेहमी मिळणारे दोन सल्ले मला पटत नाहीत. एक म्हणजे ‘तुझ्या कॅरेक्टरला हे माहीत नाही, तसं खेळ’. म्हणजे माहीत असलेल्याने दोन पाळ्या वाया घालवायच्या आणि मग मशाल आत्ताच सुचल्यासारखं दाखवायचं. यात शोधाचा आनंद कुणालाच मिळत नाही, आणि ज्याने सगळ्यात मन लावून वाचलं त्यालाच वाचलेलं लपवावं लागतं.

दुसरा सल्ला म्हणजे कमजोरीच बदलून टाक, आगीऐवजी मीठ कर. याला माझा जास्त विरोध आहे. ट्रोल आणि आग ही जोडी 1974 च्या मूळ नियमांपासून चालत आली आहे. एकमेकांना कधीही न भेटलेले खेळाडू ‘ट्रोल’ म्हटल्यावर एकच गोष्ट आठवतात, ते मला मोडायचं नाही.

अर्थात हा वारसा काही शुद्ध नाही. स्कँडिनेव्हियन लोककथांतला ट्रोल उन्हात दगड होतो. जखमा भरून येणारा ट्रोल या खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी पोल अँडरसन यांच्या कादंबरीतून घेतला. ग्रीक कथेतल्या गॉर्गन म्हणजे केसांच्या जागी साप असलेल्या बहिणी. या खेळात गॉर्गन म्हणजे लोखंडी खवल्यांचा बैल, आणि मेड्यूसा वेगळीच. आउलबेअर (अर्धं घुबड, अर्धं अस्वल) आणि रस्ट मॉन्स्टर (लोखंड गंजवणारा) तर प्लॅस्टिकच्या स्वस्त खेळण्यांवरून सुचले! तेव्हा बदल करणं पाप आहे असं मी म्हणत नाही. प्रश्न इतकाच, की कुठलं बदलावं आणि कुठलं धरून ठेवावं.

ट्रोलनंतर येणारा खलनायक आहे राक्षस, आणि तिथे पेच उलटा आहे. पुस्तकातला राक्षस वाघाच्या डोक्याचा, तळवे उलटे, सहाव्या पातळीपर्यंतच्या मंत्रांना तो दाद देत नाही. 1977 च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये अभिमंत्रित क्रॉसबोच्या बाणाने तो जागीच मरतो. ही कल्पना 1974 च्या एका अमेरिकन टीव्ही मालिकेतून आली. माझ्या नव्या खेळाडूंनी यातलं काही वाचलेलं नाही. पण मारीच त्यांना माहीत आहे, घटोत्कच माहीत आहे, विभीषण माहीत आहे. वाघाचं डोकं दाखवलं तर तो त्यांच्या लेखी राक्षसच नव्हे. आणि विभीषण ऐकून मोठा झालेला खेळाडू ‘हे सगळे जात्याच दुष्ट’ हे पुस्तकाचं म्हणणं मुकाट्याने कसं मान्य करेल?

तर अशा मिश्र गटासाठी सुगावे कसे पेरता? आणि पुस्तकातली कथा आणि घरून आलेली कथा आमनेसामने आल्या तर कुठली धरता?

प्रतिसाद

ट्रोलचं गुपित उघड करून टाका. ज्या जगात ट्रोल खरोखर राहतात, तिथे दलदलीकाठच्या पोरासोरांनाही आगीचं माहीत असणारच. गावात शिरतानाच दिसू द्या: प्रत्येक उंबऱ्याशी जळती शेगडी, शिकाऱ्यांच्या कमरेला तेलाची बुधली. हे आधी नव्या खेळाडूंच्या नजरेला पडू द्या, जुन्यांना विचारायची गरजच उरणार नाही.

मग लढाईतला प्रश्न ‘काय करायचं’ हा राहत नाही, ‘कसं जमवायचं’ हा होतो. पाऊस, ओलं लाकूड, कमरेपर्यंत पाणी. आणि ट्रोललाही आग माहीत आहेच की. तो आधी मशालवाल्यावर झडप घालेल, त्याला पाण्यात ओढेल. जुन्यांचं ज्ञान खरं ठरतं, तरी लढाई सोपी होत नाही.

शिवाय ‘डंजन वर्ल्ड’ या खेळातली एक सवय उचलण्यासारखी आहे. तिथे खेळाडूने एखाद्या गोष्टीबद्दल आपलं ज्ञान आठवलं, की जीएम (खेळ चालवणारा) विचारू शकतो, ‘हे तुला कसं ठाऊक?’ तुमच्या जुन्यांनी मशाल काढली की हाच प्रश्न विचारा. ‘माझ्या मावशीला ट्रोलने नेलं’ असं उत्तर आलं, तर पुस्तकातली ओळ त्या कॅरेक्टरची होऊन जाते.

प्रतिसाद

वरच्या मताशी ट्रोलपुरता सहमत. पण बदल करायलाच नको असं नाही. माझा एकच नियम आहे: आतलं बदललं तर बाहेरचंही बदला. मिठाने मरणारा ट्रोल हवा असेल तर तो फिकट, पाणचट, वेगळ्या वासाचा दाखवा. जुना खेळाडू लगेच सावध होतो की हा पुस्तकातला नाही. तेच रूप ठेवून आत दुसरं भरलं तर त्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते रास्त आहे.

राक्षसाच्या बाबतीत मी घरची कथा धरेन. रूप बदलणं दोन्हीकडे आहेच, तिथून सुरुवात करा. वाघ हे त्याच्या अनेक रूपांपैकी एक असू द्या. रात्री बळ वाढतं हे महाभारतातून घ्या; दिवसा त्याला गाठणं हीच मग पार्टीची, म्हणजे खेळाडूंच्या कॅरेक्टरांच्या टोळीची, योजना होईल. उलटे तळवे मात्र ठेवा, सुगावा म्हणून ते फार चांगले आहेत: नमस्कार टाळणारा, हात कायम शालीत ठेवणारा सावकार. आणि स्टॅट ब्लॉक (पुस्तकातला त्याच्या ताकदींचा तक्ता) नीट बघा, त्याला हवं तेव्हा मनातलं वाचता येतं. म्हणजे ज्याला त्याची कमजोरी पाठ आहे, त्याचाच तो आधी काटा काढेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ट्रोलचं ठरलं: शेगड्या, पाऊस आणि ‘तुला कसं ठाऊक?’. हा प्रश्न मी नव्यांनाही विचारणार आहे, त्यांनाही काहीतरी माहीत असण्याचा मान मिळायला हवा.

मनातलं वाचण्याची कल्पना फार आवडली, पण तिथेच नवी शंका आली. जुन्या खेळाडूला जे माहीत आहे ते त्याच्या कॅरेक्टरच्या मनात आहे असं धरायचं, की आधी ते कुठून कळलं हे त्याने सांगायला हवं? सांगितलं नाही तर राक्षसाला त्याच्या मनात काहीच सापडणार नाही, आणि मग त्याला ते वापरताही येऊ नये, असं मला वाटतं. हा नियम कुणी टेबलावर चालवून पाहिला आहे का? आणि विभीषणासारखा एखादा राक्षस पार्टीच्या बाजूने आणायचा असेल, तर पुस्तकातल्या राक्षसाप्रमाणे चांगल्या मनाच्या माणसाच्या हातातलं जादुई टोकदार शस्त्र त्यालाही दुप्पट लागतं, ते तसंच ठेवू का?