मदत हवी आहे: नव्या टॅबलेटबद्दलच्या पहिल्या प्रतिक्रियांवर किती विसंबावं?

मंडळी, नुकताच जाहीर झालेला एक टॅबलेट घ्यायचं मनात आहे, पण त्याबद्दल वाचून गोंधळ वाढलाय. कुणी म्हणतं "नुसता मोठा फोन", कुणी म्हणतं "आता लॅपटॉप नकोच". दोघांनीही तो कार्यक्रमात दहा-पंधरा मिनिटंच हाताळलेला!

२७ जानेवारी २०१० ला पहिला आयपॅड जाहीर झाला, तेव्हाही असंच झालं होतं. कॅमेरा नाही, फ्लॅश (वेबसाइटवरचे व्हिडिओ आणि खेळ चालवणारं तेव्हाचं सॉफ्टवेअर) चालत नाही, हा तर मोठा आयपॉड टच (अ‍ॅपलचाच खिशात मावणारा टचस्क्रीन प्लेअर), अशी टीका झाली. तरी विक्रीच्या पहिल्याच दिवशी अमेरिकेत ३ लाखांहून जास्त आयपॅड गेले. टीकेतले मुद्दे खोटे नव्हते. लोकांना तो कशासाठी लागेल, हे मात्र तेव्हा कुणाला नीट उमगलं नव्हतं.

माझी गरज अगदी ठरलेली आहे: स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ वाचणं आणि समासात पेनाने टिपणं काढणं. ए४ पानाचा कर्ण सुमारे १४.३ इंच, या टॅबलेटचा पडदा ११ इंच, तोही १६:१० (लांबी-रुंदीचं प्रमाण) असा लांबट. उभा धरला तर पान रुंदीत बसेल, पण अक्षर बारीक होईल ना? ४:३ पडदा वाचनाला खरंच सोयीचा पडतो का?

रोज दोन-तीन तास टॅबलेटवर वाचणाऱ्यांनी कृपया सांगा. पेन उमटायला लागणारा उशीर लिहिताना जाणवतो का, आणि वर्षभराने बॅटरी कितपत टिकते? हे दोन्ही पहिल्या प्रतिक्रियांत कुठेच सापडत नाही.