.३०८ साठी प्रायमर: साधा की मॅग्नम? आणि दुसऱ्या ठोक्याला फुटणारी काडतुसे

फोंडेकर
मेव्हणा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर असतो. तिकडे परवान्याने लाल हरणाची शिकार चालते आणि काडतुसे तो घरीच भरतो. बोल्ट रायफल, .३०८ विंचेस्टर काडतूस, हॉर्नडीच्या पुंगळ्या (काडतुसाचे पितळी कवच), १५० ग्रेनची गोळी (ग्रेन हे वजनाचे छोटे माप), पावडर व्हारगेट. प्रायमर (पुंगळीच्या बुडातली, ठोक्याने फुटून पावडर पेटवणारी टोपी) आजवर सीसीआय २००. आता दुकानात ते संपलेत. शिल्लक आहेत सीसीआय २५० मॅग्नम (जास्त जोराची ज्योत देणारे) आणि फेडरल २१०एम (एम म्हणजे मॅच, मॅग्नम नव्हे). दुकानदार म्हणतो, जूनची थंडी आहे, मॅग्नमच घ्या.

विचारायच्या तीन गोष्टी. मॅग्नम घातला तर पावडर तेवढीच ठेवायची का? शंभरात चार-पाच काडतुसे पहिल्या ठोक्याला फुटत नाहीत, बोल्ट उघडून परत ठोकले की फुटतात, तर जुना डबा सादळला असेल का? आणि मी पुढच्या महिन्यात तिकडे जातोय, येताना एखादी रिकामी पुंगळी आठवण म्हणून आणली तर चालते का?

केपवाला_सत्तरी
पहिल्याचे उत्तर: फेडरल २१०एम घ्या, मॅग्नम राहू द्या.

जनावर केवढे आहे यावर प्रायमर ठरत नाही, थंडीवरही फारसा नाही. पुंगळीत पावडर किती मावते आणि ती पेटायला किती हट्टी आहे, यावर ठरतो. व्हारगेट ही काडीसारख्या दाण्यांची पावडर, सहज पेटते, आणि तापमानाचा तिच्यावर कमी परिणाम व्हावा अशीच बनवलेली आहे. (तिकडच्या डब्यावर एडीआय एआर२२०८ लिहिलेले असेल तर गोंधळू नका, तीच पावडर.) .३०८ च्या पुंगळीत ती जेमतेम ४५ ग्रेनच्या आसपास मावते. तेवढी पेटवायला साधा लार्ज रायफल प्रायमर पुरून उरतो.

मॅग्नमची खरी गरज दोन ठिकाणी. एक, गोल दाण्यांची बॉल पावडर, उदाहरणार्थ विंचेस्टर ७६० किंवा हॉजडन एच४१४. त्या दाण्यांवर जळणे मंदावणारा लेप जाड असतो, म्हणून ज्योत जास्त गरम आणि जास्त वेळ टिकणारी लागते. दोन, .३०० विंचेस्टर मॅग्नम किंवा त्याहून मोठ्या पुंगळ्या, जिथे हळू जळणारी पावडर ७० ग्रेन आणि वर जाते. फेडरल २१५ तर वेदरबीच्या .३७८ सारख्या प्रचंड पुंगळीसाठीच निघाला.

पावडर तेवढीच ठेवायची का, याला स्पष्ट नाही. प्रायमर बदलला म्हणजे पाककृती बदलली. मॅन्युअलमध्ये त्या गोळीला दिलेल्या सुरुवातीच्या वजनावर या, किंवा चालू वजनातून १० टक्के कमी करा, आणि अर्धा-अर्धा ग्रेन वाढवत चला. २०० वरून २१०एम वर जाताना दोन्ही साधेच आहेत, तरी हे करायचेच. मॅग्नमला तर हटकून. बोल्टची मूठ उचलताना जड लागली किंवा पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा उमटला तर तिथेच थांबा. नुसता प्रायमर चपटा झाला यावर निकाल देऊ नका. फेडरलचा कप सीसीआयपेक्षा मऊ समजला जातो, तो लवकर चपटा दिसतो.

वास्को_२१०
दुसऱ्या प्रश्नावर मी बोलतो, कारण खरी गडबड तिथे आहे. सादळलेला प्रायमर दुसऱ्या ठोक्याला सहसा सुधारत नाही. पहिल्या ठोक्याला मुका आणि दुसऱ्याला फुटतो, म्हणजे तो पुंगळीच्या बुडातल्या खाचेत पूर्ण बसलेला नव्हता.

प्रायमर म्हणजे एक छोटा कप, त्यात स्फोटक मिश्रणाची टिकली आणि तिच्या खाली तीन पायांची ऐरण. आपल्या दिवाळीतल्या टिकलीसारखेच समजा: खाली दगड पक्का नसेल तर हातोडी मारून काय उपयोग. ऐरणीचे पाय खाचेच्या तळाला टेकले नाहीत, तर फायरिंग पिनचा जोर प्रायमर पुढे ढकलण्यातच खर्च होतो. पहिल्या ठोक्याने तो खाली बसतो, दुसऱ्याने फुटतो.

तपासायला सोपे. भरलेले काडतूस उभे धरून बुडावरून बोट फिरवा. प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा ०.०८ ते ०.१३ मिमी खोल लागला पाहिजे. समपातळीत लागला तर शंका घ्या, वर आला असेल तर ते काडतूस रायफलीत घालू नका. व्हर्नियरच्या शेपटीने मोजले तर उत्तमच.

वर राहण्याची कारणे: खाचेत जुन्या प्रायमरची राख साचलेली (ब्रशने प्रत्येक वेळी खरवडा), किंवा पुंगळ्यांच्या गठ्ठ्यात लष्करी ७.६२ मिसळलेल्या. त्यांच्या खाचेची कड दाबून वळवलेली असते. ती रीमरने काढल्याशिवाय नवा प्रायमर तिरका जातो. काडतुसे भरायच्या प्रेसच्या लांब दांड्यावर हाताला काही कळत नाही, म्हणून हातात धरायचे प्रायमिंग टूल वापरायला सांगा. तळाला टेकल्याचे बोटांना समजते, आणि त्यापुढे हलका दाब द्यायचा, बस.

हे सगळे ठीक असूनही मुका राहत असेल तर बोल्टमधले ग्रीस बघा. घट्ट ग्रीस थंडीत गोठते आणि पिन मंद होते. पुंगळीचा खांदा साइझिंग डायने (वापरलेली पुंगळी परत मापात आणणाऱ्या साच्याने) गरजेपेक्षा मागे गेला असेल तरी असेच होते, कारण अख्खे काडतूसच ठोक्याने पुढे सरकते.

आणि बोल्ट लगेच उघडून परत ठोकायची सवय आधी मोडा! ते उशिरा फुटणारे काडतूस असू शकते. नळी सुरक्षित दिशेला ठेवून निदान ३० सेकंद थांबा, मगच उघडा.

डिचोलीचो_बोल्ट
केपवाल्यांशी सहमत, पण एक पुरवणी. मॅग्नमने .३०८ बिघडतोच असे नाही. वजन खालून चढवत आणले तर चालतो, कधी कधी अचूकताही बरी मिळते. क्रोनोग्राफवर दहा गोळ्यांचा वेग घ्या, ज्याचा चढउतार कमी तो ठेवा. विंचेस्टर डब्ल्यूएलआर मिळाला तर तोही बघा, कंपनी तो साध्या आणि मॅग्नम दोन्ही भारांसाठी देते. म्हणजे डब्यावर मॅग्नम नसले तरी त्याला साधा धरू नका.

लार्ज रायफल म्हणजे ५.३३ मिमी, स्मॉल म्हणजे ४.४५ मिमी. लापुआच्या .३०८ पाल्मा पुंगळ्यांना स्मॉल लागतो आणि त्यांचे ज्योतीचे भोकही १.५ मिमीचे, नेहमीचे २ मिमीचे नव्हे. जुना प्रायमर ढकलून काढायची जाडी पिन त्यात अडकून मोडते. लार्ज पिस्टलचा घेर रायफलीच्या लार्जइतकाच, पण उंची कमी, कप पातळ. तो चुकून रायफलीत गेला तर कप फुटून गॅस मागे तोंडावर. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा ठेवा.

केपवाला_सत्तरी
मान्य. डबा शब्दावरून आठवले: प्रायमर बरणीत ओतून ठेवायचे नाहीत. सुटे एकत्र असले की एक फुटला तर सगळे फुटतात. कंपनीच्या कप्प्यांच्या ट्रेमध्येच राहू द्या. तेलाचा हात लावू नका, डोळ्याला चष्मा हवाच.

मोपा_ते_मडगाव
तिसऱ्याचे उत्तर कोणी दिलेच नाही. पुंगळी आणू नका. प्रायमर तर प्रवासी विमानात कुठल्याच सामानात चालत नाहीत. सामानाच्या कप्प्यात विसरलेले एक जिवंत काडतूस दाबोळी किंवा मोपाला सापडले तरी शस्त्र कायद्याखाली प्रकरण होते, आणि पुंगळी रिकामी आहे हे पटवण्यात फ्लाइट जाते. इकडे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंदच आहे, आणि परवान्याशिवाय काडतूस भरणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा. धागा वाचून सत्तरीत कोणी रानडुकरासाठी प्रयोग करायला बसू नये. शेतीचे नुकसान होत असेल तर वन खात्याकडे अर्ज.

फोंडेकर
सगळ्यांचे आभार. मेव्हण्याने बोट फिरवून पाहिले, भरलेल्या ४० पैकी ६ समपातळीत आणि एक चक्क वर. पुंगळ्यांत दोन लष्करी शिक्क्याच्याही निघाल्या. आता या सातांचे प्रायमर प्रेसवर अजून थोडे दाबून घेतले तर चालेल ना?

वास्को_२१०
अजिबात नको. आत पावडर आणि पुढे गोळी असताना प्रायमर दाबणे म्हणजे प्रेसवर काडतूस फोडणे. आधी पुलरने गोळी काढा, पावडर बाजूला करा. मग रिकाम्या पुंगळीत, चष्मा लावून, प्रायमर हातटूलने हळू खाली बसवता येतो. लष्करी शिक्क्याच्या दोन मात्र बाजूला काढा. त्यांची भिंत जाड, आत जागा कमी, तेवढ्याच पावडरीला दाब जास्त. त्यांचा वेगळा गठ्ठा आणि वेगळे वजन.