आपली घटना म्हणजे १९३५ च्या कायद्याची नवी आवृत्ती?

बोरूबहाद्दर (धागाकर्ता)
२६ नोव्हेंबर आला की घटनेचे गोडवे सुरू होतात, म्हणून मुद्दाम उलटं मांडतो. केंद्र-प्रांतांमधली विषयांची वाटणी, राज्यपाल, वटहुकूम, हे सगळं इंग्रजांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्यातून आलंय. त्यातलं प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती देणारं कलम ९३ आणि आपलं राष्ट्रपती राजवटीचं ३५६ शेजारी ठेवून वाचा, भावंडं वाटतील. आणि संविधान सभा निवडली कोणी? १९४६ च्या प्रांतिक कायदेमंडळांनी. त्यांना मत देता येत होतं ते मालमत्ता, कर, शिक्षण या अटींत बसणाऱ्यांनाच. मग ‘आम्ही, भारताचे लोक’ म्हणजे नेमके कोण?

उंटावरचा शहाणा
नवीन काय सांगितलंत? ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हा आक्षेप स्वतःच विचारात घेतला आणि निकालात काढला. घटनेच्या मूळ कल्पनांचं पेटंट कोणाकडे नसतं, उसनं घेण्यात लाज कसली, असं त्यांचं म्हणणं. त्यांना खेद एवढाच, की १९३५ मधून आलेला भाग बहुतेक कारभाराच्या तपशिलाचा आहे. मतदाराचं म्हणाल, तर मोजक्यांनी निवडलेल्या त्याच सभेने प्रत्येक प्रौढाला मत दिलं. स्वतःचं आसन हलवणारं काम होतं ते.

पाणवठा
धागाकर्ते, जात-धर्मावरून कोणाला अडवायला मनाई करणारं कलम १५(२) वाचलंय का? दुकानं, उपाहारगृहं यांच्यापाशी न थांबता तिथे विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्तेही मोजून लिहिलेत. तलाव कुठून आले? १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले ठराव झाला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं कागदावर खुलं केलं. तरी २० मार्च १९२७ ला लोक पाणी प्यायले आणि त्याच दिवशी गावात त्यांना मारहाण झाली. पाठोपाठ सवर्णांनी तळं ‘शुद्ध’ करून घेतलं, वर दिवाणी दावा. हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. ठराव होता, तळंही सार्वजनिक होतं, आणि अडवणारे मात्र शेजारीपाजारी. म्हणून हे कलम नुसतं सरकारला बांधत नाही, अडवणाऱ्या शेजाऱ्यालाही बांधतं. १९३५ च्या कायद्यात मूलभूत हक्कांचं प्रकरणच नव्हतं, मग नक्कल कशाची केली?

बोरूबहाद्दर
महाडचा मुद्दा बिनतोड. पण मूलभूत हक्कांच्या त्याच प्रकरणात, चार पानं पुढे, कलम २२ बसलंय: खटला न चालवता स्थानबद्ध करण्याची मुभा. हक्कांच्या प्रकरणात! आणि घटना लागू होऊन महिना होतो न होतो, तोच १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा आला. ज्यांनी स्वतः तुरुंग भोगले त्यांनीच किल्ली खिशात घातली. कारभाराचा तपशील म्हणून सोडून देता येईल का हे?

ओसरी
दोघंही दिल्लीतच फिरताय. आपल्या औंध संस्थानात १९३९ मध्येच तिथले राजे पंतप्रतिनिधी यांनी सत्ता प्रजेला दिली होती आणि कारभाराचा पाया ग्रामपंचायत ठेवला होता. संविधान सभेने तो धागा का उचलला नाही? गावाच्या वाट्याला आलं ग्रामपंचायती स्थापायला सांगणारं कलम ४०, तेही मसुद्यात नव्हतं. नंतर दुरुस्तीने घातलं, आणि निर्देशक तत्त्वांत, म्हणजे कोर्टात जाऊन मागता न येणारं.

पाणवठा
कारण महाडचं तळं अडवलं ते गावानेच. गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं आगर, असं बाबासाहेब सभेत म्हणाले ते काही पुस्तकं वाचून नव्हे. औंधच्या पंचायतीत वेशीबाहेरच्या माणसाच्या शब्दाला वजन किती होतं, तेवढं सांगा, मग पुढे बोलू.

उंटावरचा शहाणा
पाणवठा, तेवढ्यासाठी अख्खं गाव मोडीत काढायचं? मूलभूत हक्क वर आणि पंचायत खाली, असं दोन्ही लिहिता आलं असतंच की. शेवटी १९९२ मध्ये ७३ वी दुरुस्ती करून तेच केलं, राखीव जागांसकट. आणि बोरूबहाद्दर, कलम २२ बद्दल मी तुमच्या बाजूने. त्याचा बचाव मला आजवर पटलेला नाही. कोणाकडे असेल तर मांडा.